स्ट्रिंग नक्की संपते कुठे? बॅकस्लॅश, अवतरणचिन्ह आणि माझा चुकलेला तक्ता

आजचा विषय अगदी बारीक आहे, एका चिन्हाएवढा. पण त्याच चिन्हामुळे मला एक तक्ता आणि एक निष्कर्ष मागे घ्यावा लागला. तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल, तर ही चूक माझ्या खर्चाने शिकून घ्या.

आधी थोडी पार्श्वभूमी. कल्याणच्या एका कार्यशाळेत मुलांना मराठी कीवर्ड असलेल्या एका छोट्या भाषेत प्रोग्रॅम लिहायला शिकवलं होतं. मुख्य कामाआधीची चाचणी म्हणून मला एवढंच बघायचं होतं, की नवशिकी मुलं कोडमध्ये कमेंट किती लिहितात. भाषा आमचीच, त्यामुळे तिच्यासाठी तयार सिंटॅक्स हायलायटर कुठून मिळणार? तिची व्याख्या-फाइल, म्हणजे लँग्वेज डेफिनिशन, मीच लिहिली. त्यातला स्ट्रिंग ओळखणारा रेजेक्स मी तसाच उचलला आणि कमेंट मोजणाऱ्या स्क्रिप्टमध्येही टाकला. दोनदा कशाला लिहायचं, असा विचार.

तक्ता छान आला. 'जी मुलं मोठे, संवादात्मक प्रोग्रॅम लिहितात, ती कमेंट कमी लिहितात.' ऐकायला किती पटण्यासारखं, नाही? मी सादरीकरणातही ते सांगून मोकळी झाले.

मग एक दिवस सकाळच्या गाडीत (डोंबिवलीला त्या वेळी चौथी सीटही मिळत नाही, तेव्हा उभ्यानेच) मोबाईलवर स्वतःच्या मसुद्याची पीडीएफ चाळत होते. कोपर गेलं, दिवा गेलं, आणि परिशिष्टातल्या एका प्रोग्रॅमवर नजर अडकली. कमेंट राखाडी दिसायला हवी होती, ती हिरवी होती. हिरवा हा स्ट्रिंगचा रंग. म्हणजे माझा हायलायटर कमेंटला स्ट्रिंग समजत होता. आणि तोच रेजेक्स मोजणी करत होता. ठाण्याला उतरेपर्यंत पोटात गोळा आला होता.

गडबड काय होती

स्ट्रिंग म्हणजे दोन अवतरणचिन्हांमधला मजकूर. माझा रेजेक्स असा होता:

    "[^"]*"

म्हणजे: अवतरणचिन्ह, मग अवतरणचिन्ह नसलेलं काहीही, मग पुन्हा अवतरणचिन्ह. वाचायला अगदी बरोबर. पण स्ट्रिंगच्या आत अवतरणचिन्ह लिहायची वेळ आली, की त्याच्या आधी बॅकस्लॅश देतात. यालाच 'एस्केप' करणं म्हणतात. आता एका मुलाने लिहिलेल्यासारखा हा प्रोग्रॅम बघा:

    लिहा "टीव्ही ३२\" चा आहे"
    # पुढे किंमत विचारायची
    लिहा "किंमत सांगा"

३२ इंच लिहायला त्याने \" वापरलं. माझ्या रेजेक्सला बॅकस्लॅश कळतच नाही. त्याच्या मते पहिली स्ट्रिंग \" वरच संपली. 'चा आहे' उघड्यावर पडलं. ओळीच्या शेवटच्या अवतरणचिन्हाने नवीच स्ट्रिंग सुरू झाली, ती अख्खी कमेंट गिळून तिसऱ्या ओळीच्या पहिल्या अवतरणचिन्हावर संपली. पुढे सगळं उलटंपालटं: आतलं बाहेर आणि बाहेरचं आत. दोन स्ट्रिंगच्या मध्ये ज्या कमेंट असतात, नेमक्या त्याच गिळल्या जातात.

आता हे उदाहरण घ्या:

    लिहा "पुढील स्टेशन \"दिवा\""

इथे आतली चिन्हं दोन आहेत. 'दिवा' उघडं पडतं खरं, पण शेवटची दोन चिन्हं मिळून एक रिकामी स्ट्रिंग होते आणि गाडी पुन्हा रुळावर येते. पुढची ओळ व्यवस्थित रंगते. म्हणजे आतल्या चिन्हांची संख्या सम असेल तर चूक लपते आणि विषम असेल तर फाईलभर पसरते. मी चाचणीला जे उदाहरण घेतलं होतं ते नेमकं दुसऱ्या प्रकारचं होतं. एका ओळीत थोडं विचित्र दिसलं, मी म्हटलं चालतंय.

आणि खरा घोळ यापुढे आहे. एस्केप केलेलं अवतरणचिन्ह कोण वापरतं? ज्याला संवाद, घोषणा, मापं लिहायची आहेत तो, म्हणजे मोठे प्रोग्रॅम लिहिणारी मुलं. त्यांच्याच कमेंट गायब होत होत्या. चूक सगळीकडे सारखी पसरली असती तर आकडे नुसते धूसर झाले असते. ती एकाच गटावर पडली आणि तिने एक निष्कर्षच तयार करून दिला.

पहिली दुरुस्ती, जी बहुतेक जण करतात

मनात पहिल्यांदा येतं ते असं: 'ज्या अवतरणचिन्हाच्या आधी बॅकस्लॅश नाही, तिथे स्ट्रिंग संपते.' रेजेक्समध्ये मागे डोकावून बघायची सोय असते. तेव्हा शेवटाचा नियम होतो:

    (?<!\\)"

मीही हेच केलं. टीव्हीचं उदाहरण सुधारलं. पण आता हे बघा:

    लिहा "फोल्डर: प्रबंध\\"

स्ट्रिंगच्या आत खराखुरा बॅकस्लॅश हवा असेल तर तोही एस्केप करावा लागतो, म्हणून दोन. इथे शेवटच्या अवतरणचिन्हाच्या आधी बॅकस्लॅश आहे, पण तो स्वतःच आधीच्या बॅकस्लॅशने 'वापरून' टाकलाय. अवतरणचिन्हावर त्याचा काही हक्क उरलेला नाही. स्ट्रिंग इथे संपलीच पाहिजे. पण आपला नियम फक्त एक पाऊल मागे बघतो, बॅकस्लॅश दिसला म्हणून थांबत नाही, आणि स्ट्रिंग पुढच्या ओळीत वाहत जाते.

खरा प्रश्न 'आधी बॅकस्लॅश आहे का' हा नाहीच. 'आधी सलग किती बॅकस्लॅश आहेत, सम की विषम' हा आहे. शून्य, दोन, चार असतील तर स्ट्रिंग संपली. एक, तीन, पाच असतील तर अवतरणचिन्ह एस्केप झालेलं आहे. मागे बघून सम-विषम मोजणारा रेजेक्सही जमवता येतो, पण सहा महिन्यांनी तो तुमचा तुम्हालाच वाचता येणार नाही.

मागे बघू नका, जोडीने पुढे चला

कल्याणहून सुटलेली गाडी कर्जतला जाणार की कसाऱ्याला, हे शहाडला पोचल्यावर मागे वळून ठरवत नाहीत. कल्याण सोडताना ती ज्या मार्गाला लागली, त्यावरच ते ठरलेलं असतं. स्ट्रिंगचंही तसंच. डावीकडून उजवीकडे एकेक चिन्ह वाचत जायचं आणि आपण कुठल्या मार्गावर आहोत एवढं लक्षात ठेवायचं. मार्ग तीनच:

१. बाहेर: अवतरणचिन्ह दिसलं की 'आत' जा.
२. आत: बॅकस्लॅश दिसला तर 'बॅकस्लॅशनंतर' या अवस्थेत जा. अवतरणचिन्ह दिसलं तर 'बाहेर' या. बाकी काही दिसलं तर आतच राहा.
३. बॅकस्लॅशनंतर: पुढचं चिन्ह कुठलंही असो, ते गिळा आणि 'आत' परत या.

झालं. सम-विषम मोजायची गरजच नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या अवस्थेतली ये-जा हेच ते मोजणं. टीओसीच्या पेपरात 'फायनाइट ऑटोमॅटन' काढून मार्क मिळवले असतील ना? हा तोच. तेव्हा वाटलं असेल, हे कुठे उपयोगी पडणार. तर इथे.

याच यंत्राचा रेजेक्स असा:

    "(?:\\.|[^"\\])*"

शब्दांत: अवतरणचिन्ह, मग कितीही वेळा एकतर 'बॅकस्लॅश आणि त्याच्या पुढचं एक चिन्ह' ही जोडी, किंवा अवतरणचिन्हही नाही आणि बॅकस्लॅशही नाही असं एक चिन्ह, शेवटी अवतरणचिन्ह. प्रबंधवालं उदाहरण हाताने चालवून बघा. दोन बॅकस्लॅशची एक जोडी होते, ती संपते, आणि पुढचं अवतरणचिन्ह मोकळं राहतं.

चौकटी कंसातला तो बॅकस्लॅश विसरू नका. तो वगळून

    "(?:\\.|[^"])*"

असं लिहिलं, तर वरवर सगळं चालतं. पण आता एकटा बॅकस्लॅश दोन वाटांनी जुळू शकतो: जोडीतला म्हणून किंवा साधं चिन्ह म्हणून. स्ट्रिंग बंद करायची राहिली असेल, तर मागे फिरून शोधणारं इंजिन दुसरी वाट धरतं आणि एस्केप केलेल्या चिन्हालाच शेवट मानून मोकळं होतं. शिवाय बंद न झालेल्या स्ट्रिंगमध्ये \न सारख्या ३० जोड्या असतील, तर प्रत्येकीच्या दोन वाटा, म्हणजे १०७ कोटींहून जास्त रस्ते. एडिटर गोठतो आणि आपण लॅपटॉपला दोष देतो.

व्याख्या-फाइलमध्ये हे कसं लिहायचं

व्हीएस कोड ज्या टेक्स्टमेट पद्धतीच्या व्याख्या वाचतो, त्यांत स्ट्रिंगसाठी 'बिगिन' आणि 'एंड' असे दोन नियम देतात, आणि मधल्या भागासाठी 'पॅटर्न्स'. मधल्या भागात एकच नियम टाकायचा: \\. आणि त्याला 'एस्केप' असं नाव द्यायचं. आत असताना इंजिन बघतं, की सगळ्यात आधी काय जुळतंय. एस्केपचा नियम बॅकस्लॅशवर जुळतो, आणि बॅकस्लॅश अवतरणचिन्हाच्या आधी येतो. त्यामुळे दोघं मिळून गिळले जातात आणि 'एंड'च्या नियमाला ते अवतरणचिन्ह दिसतच नाही. 'एंड' म्हणून साधं " पुरतं. शिवाय थीमला एस्केप वेगळ्या रंगात दाखवता येतं, हा फायदा निराळाच.

इतर साधनांतही हीच कल्पना वेगळ्या कपड्यांत भेटते. हायलाइट-जेएसमध्ये बॅकस्लॅश-एस्केपचा तयार नियम स्ट्रिंगच्या आत ठेवतात. विममध्ये 'स्किप' असतो, तो असा:

    \\\\\|\\"

'दोन बॅकस्लॅश किंवा बॅकस्लॅश-अवतरणचिन्ह दिसलं तर ओलांडून जा.' दोन बॅकस्लॅशचा पर्याय तिथे का आहे, हे आता तुम्हाला सांगायला नको. लेटेकमध्ये प्रबंध लिहिणाऱ्यांनी लिस्टिंग्ज पॅकेज बघावं. तिथे स्ट्रिंगचा प्रकार सांगताना 'बी' दिला तर बॅकस्लॅशने एस्केप, 'डी' दिला तर चिन्ह दुप्पट करून एस्केप. हे एक अक्षर चुकलं की परिशिष्टाची पानंच्या पानं चुकीची रंगतात.

आणखी एक खड्डा. व्याख्या-फाइल जेसॉनमध्ये असेल, तर तुमचा रेजेक्स स्वतःच एका स्ट्रिंगमध्ये बसलेला असतो. मग त्याचे बॅकस्लॅशही एस्केप करावे लागतात. \\. चं होतं:

    "\\\\."

आणि एकट्या अवतरणचिन्हाचं "\"". घाबरायचं कारण नाही, फक्त दोन मजले आहेत हे ध्यानात ठेवा. आधी कागदावर शुद्ध रेजेक्स लिहा, मग दुसऱ्या फेरीत प्रत्येक बॅकस्लॅश दुप्पट करा. दोन्ही एकदम करायला जाल तर हमखास चुकाल.

प्रत्येक भाषेचा रिवाज वेगळा

बॅकस्लॅश हे चिन्हच तसं उशिरा आलेलं. बॉब बेमर यांनी १९६१ च्या सुमारास ते संगणकाच्या चिन्हसंचात आणलं, तेही अल्गॉल भाषेतली 'आणि', 'किंवा' ही चिन्हं /\ आणि \/ अशी जोडून लिहिता यावीत म्हणून. सी भाषेच्या आधीच्या बी भाषेत एस्केपसाठी तारा (*) वापरत. तेव्हा 'एस्केप म्हणजे बॅकस्लॅशच' असं गृहीत धरू नका.

एसक्यूएलचं बघा. तिथे प्रमाण रिवाज म्हणजे चिन्ह दोनदा लिहायचं. वसई २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होती, आणि तिथली डि'मेलो, डि'सोझा ही आडनावं ज्याने जिल्ह्याच्या याद्या हाताळल्यात त्याला चांगली माहीत असतील. एसक्यूएलमध्ये ती अशी जातात:

    'डि''मेलो'

इथला रेजेक्स '(?:''|[^'])*' असा. गंमत म्हणजे साधा, चुकीचा '[^']*' वापरला तरी रंग अगदी बरोबर दिसतो! कारण 'डि' ही एक स्ट्रिंग आणि तिला चिकटून 'मेलो' ही दुसरी, दोन्ही हिरव्या. डोळ्याला काही कळत नाही. पण स्ट्रिंग मोजल्या, तर एकाच्या दोन. रंग बरोबर दिसला म्हणजे मोजणी बरोबर, असं नसतं, ते हे असं.

पायथनच्या 'रॉ' स्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅशला खास अर्थ नाही म्हणतात, तरीही त्याच्या पुढच्या अवतरणचिन्हाने स्ट्रिंग संपत नाही. दोन्ही चिन्हं मजकुरात तशीच राहतात. शेलमध्ये एकेरी अवतरणचिन्हांच्या आत एस्केपच नाही. बॅकस्लॅश आला तरी पुढच्या ' ने स्ट्रिंग संपतेच. जेसॉनमध्ये ठरावीक एस्केपच चालतात, म्हणून तिथे दोन नियम हवेत: आधी वैध एस्केपचा, आणि त्याच्या खाली उरलेल्या सगळ्यांसाठी \\. हा 'अवैध' म्हणून. अवैध असला तरी गिळायचा मात्र जोडीनेच.

आपल्या लिपीचाही एक मुद्दा आहे. रेजेक्समधला टिंब एक कोडपॉइंट खातो, आपण ज्याला अक्षर म्हणतो ते अख्खं नाही. "\नीट" मध्ये \न एका रंगात गेलं आणि वेलांटी दुसऱ्या रंगात पडली, की काही ठिकाणी ती टिंबांच्या वर्तुळावर लटकलेली दिसते. आमच्या भाषेत \न म्हणजे 'नवी ओळ', म्हणून त्यापुढे मात्रा नाही ना, ही अट मला घालावी लागली. इंग्रजी उदाहरणांवर शिकलेल्या नियमात ही अट कधीच सापडणार नाही.

आणि वर्डमधून कोड चिकटवू नका हो. तिथे सरळ चिन्हाची वळणदार “ ” होतात. ती वेगळीच चिन्हं आहेत, बहुतेक भाषांना ती अवतरणचिन्हं म्हणून माहीतच नसतात.

तुमच्यासाठी चाचण्या

व्याख्या लिहिलीत, की या सात ओळी एका फाईलमध्ये टाका. प्रत्येकीच्या खाली एक कमेंट लिहा. सगळ्या कमेंट कमेंटच्याच रंगात दिसल्या पाहिजेत.

    ""
    "\""
    "\\"
    "\\\""
    "ठाणे" "कल्याण"
    "३२\" चा"
    "बंद करायची राहिली

पाचवी ओळ ".*" सारख्या अधाशी रेजेक्सला पकडते, कारण तो दोन्ही स्ट्रिंग आणि मधली जागा एकदम घेतो. सातवी सगळ्यात महत्त्वाची. आपण टाइप करत असताना फाईल नेहमीच अर्धवट असते. तुमच्या भाषेत स्ट्रिंग एका ओळीतच संपायची असेल, तर 'एंड'चा नियम "|$ असा ठेवा, म्हणजे गडबड त्या ओळीपुरतीच राहील. ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश देऊन पुढे चालू ठेवायची सोय असेल, तर त्याची वेगळी चाचणी घ्या, कारण टिंब सहसा ओळ ओलांडत नाही.

आणि मोजणीसाठी रेजेक्स वापरत असाल, तर दहा-पंधरा फाईली हाताने मोजा. कुठल्याही नव्हे, ज्यांत सगळ्यात जास्त गुंतागुंत आहे त्या. साध्या फाईलींवर कुठलाही रेजेक्स पास होतो.

शेवटी काय झालं

त्या दिवशी ठाण्याला उतरले आणि फलाटावरूनच गाईडना फोन केला. फोन करण्याआधीचा तो एक मिनिट फार मोठा होता. त्या म्हणाल्या, आधी दुरुस्त करून पुन्हा मोज, मग बोलू. रेजेक्स सुधारला, सगळ्या फाईली पुन्हा चालवल्या. दोन गटांतला फरक उरलाच नाही. माझा 'निष्कर्ष' म्हणजे एका बॅकस्लॅशची सावली होती. पुढच्या सादरीकरणात पहिल्याच स्लाइडवर जुना तक्ता, नवा तक्ता आणि मधली चूक, असं तिन्ही दाखवलं. वाटलं होतं तेवढी नाचक्की झाली नाही. उलट प्रश्न चांगले आले.

एडिटरमधला रंग हे त्या कोडच्या रचनेबद्दल कुणीतरी केलेलं विधान असतं, आणि ते चुकू शकतं. तेच विधान तुम्ही मोजणीत वापरलंत, तर चूक तुमच्या नावावर जमा होते. म्हणून आज घरी गेल्यावर एक करा: तुमच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये "[^"]*" शोधा. सापडला, तर वरच्या सात ओळी त्याच्यावर चालवा, आणि निकाल कागदावर लिहून ठेवा.